चौथी खेप

मुंढव्यात जिथे आज टाइल्सचं दुकान आहे
तिथे पूर्वी 'धुरकट कोल्हा' मिळायची,
नळातून, गुरुवारी थोडी स्वस्त.
पहिल्या घोटाला नाकात कुणीतरी पपनस सोलायचं,
मग मागून सावकाश यायचा कडू,
काडेचिराईताच्या घराण्यातला,
पण लाडात वाढलेला.

पब बंद होताना मी सहा बाटल्या उचलल्या.
पाच संपल्या, त्यांची गोष्ट नाही.
सहावी फ्रिजमध्ये, लोणच्याच्या बरणीआड,
नमुना म्हणून.
हुबेहूब हिच्यासारखी करायची, एवढंच ठरवलं होतं.
मृणाल म्हणाली, "तू पोह्यांवर लिंबू पिळायला विसरतोस."

पहिल्या खेपेच्या यीस्टला एप्रिल सोसला नाही.
कोथरूड, तिसरा मजला, चौतीस अंश;
झाकण उघडलं तर शिकरणीचा वास,
तोही कालच्या.
दुसरीची एक बाटली रात्री अडीचला फुटली.
खालचे केळुस्कर टॉर्च घेऊन वर आले, चोर समजून.
जाताना दारात थबकून म्हणाले,
"लिटरमागे कितीला पडते?"
तिसरी चांगली होती.
फक्त ती नव्हती.

मग वही केली. लेकीची जुनी, चौकटींची.
बोहरी आळीतून वीस लिटरचं पातेलं आणलं,
दुकानदारानं विचारलं, "कार्य कुणाचं?"
सहासष्ट अंशांवर माल्ट भिजत घातलं
आणि पातेल्याला गोधडी गुंडाळून तासभर शेजारी बसलो,
ताप आलेल्या पोराजवळ बसावं तसा.
खडकवासल्याचं पाणी फार मवाळ,
म्हणून चमचाभर जिप्सम. कडूला कणा हवा.
हॉप्सच्या गोळ्या दिसायला कोंबडीचं खाद्य;
थोड्या उकळीच्या आरंभी, थोड्या आच बंद केल्यावर,
मूठभर चौथ्या दिवशी, गारच.
बाथरूममध्ये टब, टबात पिंप,
भोवती गोठवलेल्या पाण्याच्या बाटल्या, दर सहा तासांनी नव्या.
मृणाल दोन आठवडे आंघोळीला पौड रोडला, आईकडे,
खांद्यावर टॉवेल टाकून, रिक्षानं.
पहिल्या रात्री मिनिटाला चाळीस बुडबुडे.
मी मोजले.

रविवारी दोन ग्लास मांडले.
कुठल्याशा एकाखाली कागदाचा कपटा, मृणालनं सरकवलेला.
मी डोळे मिटले.
एकात पपनस.
दुसऱ्यात ओला पुठ्ठा, काकवी,
बंद कपाटातल्या स्वेटरचा सुस्कारा.
खचलोच. पुठ्ठा माझाच असणार.
तिनं ग्लास उचलून कपटा दाखवला.
पुठ्ठा अस्सल होता.

आर्मांडला फोन लावला. हल्ली तो म्हापशाला असतो.
आधी खूप हसला.
"हॉप्सचा वास फार तर चार महिने. तू चौदा ठेवलीस?
बाटली सांभाळलीस, बाबा, बिअर नाही."
कृती विचारली तर म्हणाला,
"कृती कसली, कस्टममधून जे हॉप्स सुटायचे ते टाकायचो."

म्हणजे वर्षभर मी कुणाची नक्कल करत होतो?
वहीत त्या रकान्यापुढे प्रश्नचिन्ह आहे
आणि त्याखाली ग्लासाचा गोल डाग.

मृणालनं दुसरा ग्लास भरून घेतला.
"चव हीच," म्हणाली,
"पण तिथे आपण दर गुरुवारी भांडायचो,
ते हिच्यात नाही उतरलं."

केळुस्करांना दोन बाटल्या दिल्या.
आठवड्यानं परत आल्या, लेबलं खरवडून, लख्ख धुऊन.
रिकामं भांडं परत करू नये म्हणून
दोन्हींत कोकमाचं आगळ.